अ‍ॅरेने भरवसा कशावर ठेवावा? रोबस्ट अ‍ॅडॅप्टिव्ह बीमफॉर्मिंगचा आढावा

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. त्यांतल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत, आणि सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या कष्टांतून उभी राहिलेली ही जीएमआरटी दुर्बीण २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे. तिच्याबद्दल बोलणे निघते ते बहुधा तबकड्यांच्या आकाराचे आणि तारांच्या हलक्या जाळीचे. इथे तिच्या हिशेबाबद्दल लिहायचे आहे. तीस ठिकाणी पोचलेले क्षीण संकेत अशा रीतीने कसे एकत्र करायचे, की हवी ती दिशा उठून दिसावी आणि इतर दिशांनी येणारा उपद्रव दबावा?

या हिशेबाला बीमफॉर्मिंग म्हणतात. आलेला डेटा पाहून हिशेब स्वतःला बदलत असेल तर तो अ‍ॅडॅप्टिव्ह, आणि आपल्या माहितीत थोड्याफार चुका असल्या तरी कोलमडत नसेल तर रोबस्ट. रडार, सोनार, भूकंपशास्त्र, मोबाइल टॉवर, श्रवणयंत्रे आणि रेडिओ दुर्बिणी या सगळ्यांत साठेक वर्षे या प्रश्नावर काम चालू आहे. संशोधनलेखांची संख्या अफाट असली तरी मतभेद मोजक्याच मुद्द्यांवर आहेत, आणि ते सगळे एका ठिकाणी येऊन भिडतात: अ‍ॅरेबद्दल, म्हणजे संवेदकांच्या अशा समूहाबद्दल, आधीपासून जे माहीत आहे त्यावर किती विसंबायचे आणि आत्ता हाती आलेल्या डेटावर किती?

विलंब जुळवून बेरीज

सर्वांत जुनी पद्धत साधी आहे. आकाशातल्या एका बिंदूकडून येणारी लहर एका तबकडीवर आधी पोचते, दुसरीवर नंतर. पंचवीस किलोमीटरचे अंतर कापायला प्रकाशाला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक तबकडीचा संकेत योग्य तेवढा थोपवून धरला की सगळ्या लहरी एका ओळीत येतात, आणि मग त्यांची बेरीज करायची. हव्या दिशेचा संकेत तीसपट वाढतो. गोंगाट मात्र प्रत्येक तबकडीत वेगळा असल्याने त्या प्रमाणात वाढत नाही. जीएमआरटीत याला फेज्ड अ‍ॅरे म्हणतात. फेज न जुळवता नुसत्या ऊर्जांची बेरीज केली तर तो इनकोहेरंट अ‍ॅरे. पहिल्यात संवेदनशीलता तबकड्यांच्या संख्येप्रमाणे वाढते, दुसऱ्यात संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे. म्हणजे तीस तबकड्यांमागे एकीकडे ३० पट, दुसरीकडे जेमतेम साडेपाच पट.

ही कमाई फुकट मिळत नाही. तीनशे मेगाहर्ट्झला तरंगलांबी एक मीटर असते, त्यामुळे विलंबात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे फेजमध्ये १०८ अंशांची चूक. तबकड्यांच्या फेज सरासरी ३० अंशांनी विस्कटल्या तर बेरजेतली जवळपास पाव ऊर्जा जाते; ६० अंशांनी विस्कटल्या तर दोन-तृतीयांश. आयनोस्फिअर सतत हलत असते, इलेक्ट्रॉनिक्स तापते आणि निवते, म्हणून ठरावीक वेळाने आकाशातल्या एखाद्या ओळखीच्या तेजस्वी स्रोताकडे वळून फेज पुन्हा जुळवाव्या लागतात. दूरच्या भुजांवरच्या तबकड्या लवकर विस्कटतात. पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारे तारे, पाहताना फेज्ड अ‍ॅरेत मुख्यतः मध्यवर्ती चौकातल्या आणि जवळच्या तबकड्या घेतल्या जातात ते यामुळेच.

या पद्धतीत डेटाला काहीच विचारलेले नसते. वजने आधीच ठरलेली असतात. शेजारच्या दिशेत जोरदार व्यत्यय असेल तर बीमच्या बाजूच्या कानांमधून (साइडलोबमधून) तो आत येतो, आणि पद्धतीला त्याची खबरही नसते.

डेटाला विचारायला सुरुवात

व्यत्यय कुठून येतो हे अ‍ॅरेने स्वतः ओळखावे आणि त्या दिशेला कान बंद करावेत, ही कल्पना अमेरिकेतल्या रडार संशोधनातून आली. पॉल हॉवेल्सचा साइडलोब कॅन्सलर १९५० च्या दशकाच्या अखेरीचा. सिडनी अ‍ॅपलबॉमने १९६६ च्या अहवालात त्याला गणिती पाया दिला. बर्नार्ड विड्रो आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये, येणाऱ्या प्रत्येक नमुन्याबरोबर वजने थोडी थोडी सुधारत नेणारी पद्धत अँटेनांना लावून दाखवली.

दुसरा झरा भूकंपशास्त्राचा. शीतयुद्धाच्या काळात जमिनीखालचा अणुस्फोट आणि भूकंप यांतला फरक दुरून ओळखायचा होता. त्यासाठी अमेरिकेच्या मोंटाना राज्यात १९६५ मध्ये ५२५ भूकंपमापकांचा लासा नावाचा अ‍ॅरे सुमारे २०० किलोमीटरच्या पसाऱ्यात बसवला गेला. आपल्याकडे त्याच काळात कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला अणुऊर्जा विभागाने ब्रिटनच्या सहकार्याने इंग्रजी एल आकाराचा भूकंपमापकांचा अ‍ॅरे उभारला. आजही भाभा अणुसंशोधन केंद्र तो चालवते. लासाच्या डेटावर काम करणाऱ्या जॅक कॅपनने १९६९ मध्ये मांडलेली पद्धत या क्षेत्राचा कणा ठरली.

कॅपनची मागणी एका वाक्यात सांगता येते: हव्या दिशेचा संकेत जसाच्या तसा बाहेर येऊ द्या आणि ही एक अट सांभाळून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा कमीत कमी करा. त्यासाठी कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स लागते. कोणत्या दोन संवेदकांवरचे चढउतार परस्परांशी किती मिळतेजुळते आहेत, याचा तो तक्ता. तीस संवेदक असतील तर तीस बाय तीसचा. हा तक्ता आणि हव्या दिशेचे वर्णन हाती असले की उत्तमातली उत्तम वजने एका सूत्रात मिळतात. कागदावर यापुढे करण्यासारखे काही उरत नाही.

१९७२ मध्ये ओटिस फ्रॉस्टने एकाऐवजी अनेक अटी सांभाळत पुढे जाणारी पद्धत दिली. १९७४ मध्ये रीड, मॅलेट आणि ब्रेनन यांनी किती नमुने पुरतात ते काढले. संवेदकांच्या संख्येच्या साधारण दुप्पट नमुने घेतले की आदर्श कामगिरीच्या निम्म्यापर्यंत पोचता येते. तीस तबकड्यांना साठेक नमुने. या निकालाला एक अट आहे आणि ती बऱ्याचदा विसरली जाते: ज्या नमुन्यांवरून अ‍ॅरे शिकतो त्यांत हवा तो संकेत नसावा. असेल, तर कितीतरी जास्त नमुने लागतात.

हवा तोच संकेत गिळला जातो तेव्हा

कॅपनच्या पद्धतीचे दुखणे हेन्री कॉक्सने १९७३ मध्ये नेमके उलगडून दाखवले. अ‍ॅरेला सांगितलेली दिशा खऱ्या दिशेपेक्षा किंचित वेगळी असेल, तर अट पाळली जाते ती सांगितलेल्या दिशेसाठी. खरा संकेत अटीबाहेर पडतो, आणि अटीबाहेरचे सगळे दाबायचे असा तर आदेशच आहे. अ‍ॅरे मग आपल्याच संकेताला व्यत्यय समजून मुळापासून दाबतो. संकेत जितका जोरदार तितका तो जास्त दाबला जातो. दिशाच चुकायला हवी असेही नाही. एखाद्या संवेदकाची जागा थोडी इकडे-तिकडे असणे, एकाचे अ‍ॅम्प्लिफायर जरा जास्त तापणे, लहर समुद्रतळावर आपटून दोन वाटांनी येणे, नमुने कमी पडणे, यांतले काहीही पुरते.

म्हणूनच ही पद्धत प्रयोगशाळेत चमकते आणि पाण्यात किंवा मैदानात उतरली की साध्या विलंब-बेरजेपेक्षाही वाईट वागू शकते. सोनारवाल्यांनी हा अनुभव फार आधी घेतला. रोबस्ट बीमफॉर्मिंग नावाचे शास्त्र या अनुभवातून निघाले.

चुका पचवण्याचे मार्ग

पहिला आणि आजही सर्वांत वापरातला मार्ग डायगोनल लोडिंगचा. कोव्हेरिअन्स तक्त्याच्या कर्णावरच्या प्रत्येक आकड्यात एक ठरावीक संख्या मिळवायची. प्रत्येक संवेदकात मुद्दाम थोडा बनावट गोंगाट मिसळावा तसा याचा परिणाम होतो. अ‍ॅरेला वाटते की आपली कर्णेंद्रिये आहेत त्यापेक्षा बधिर आहेत, आणि तो बारीकसारीक फरकांवर उड्या मारायचे थांबवतो. कॉक्स, झेस्किंड आणि ओवेन यांनी १९८७ मध्ये, तर ब्लेअर कार्लसनने १९८८ मध्ये या उपायाला भक्कम आधार दिला. लोडिंग शून्य ठेवले तर कॅपन, खूप वाढवले तर विलंब-बेरीज. म्हणजे भरवसा डेटावर की आधीच्या माहितीवर, हे ठरवणारी एकच खुंटी. ती किती पिळायची याचे सर्वमान्य उत्तर नाही, आणि टीकाकारांचा मुख्य आक्षेप तोच आहे. संख्याशास्त्रातून आलेल्या श्रिंकेज पद्धती, विशेषतः लेडुआ आणि वुल्फ यांचे २००४ चे काम, हा आकडा डेटावरूनच काढून देतात. मात्र त्या तक्त्याच्या अंदाजातली चूक कमी करतात. दिशेच्या वर्णनातली चूक त्यांना दिसतच नाही.

दुसरा मार्ग चूक मान्य करून तिला कुंपण घालण्याचा. दिशेचे खरे वर्णन आपल्याला नेमके माहीत नाही, पण ते अमुक त्रिज्येच्या गोलात कुठेतरी आहे, असे धरायचे. मग गोलातल्या सर्वांत वाईट शक्यतेतही संकेत शाबूत राहील अशी वजने शोधायची. सर्गेई व्होरोब्योव, अ‍ॅलेक्स गर्शमन आणि झी-क्वान लुओ यांनी २००३ मध्ये ही मांडणी उत्तल इष्टतमीकरणाच्या चौकटीत बसवली. त्यामुळे संगणकाला ती भरवशाने सोडवता येऊ लागली. त्याच वर्षी जियान ली, पेत्रे स्टोइका आणि सहकाऱ्यांनी, तर २००५ मध्ये रॉबर्ट लोरेन्झ आणि स्टीफन बॉइड यांनी जवळच्याच मांडण्या केल्या. या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली: अशा बऱ्याच पद्धती शेवटी डायगोनल लोडिंगच आहेत, फक्त लोडिंगचा आकडा हाताने न निवडता गोलाच्या त्रिज्येवरून निघतो. समर्थकांच्या मते हा मोठा फायदा आहे, कारण अभियंत्याला चुकीची मर्यादा ठाऊक असते. गोंगाटाचा बनावट आकडा त्याने कुठून आणावा? विरोधक विचारतात, त्रिज्या कोण ठरवणार? ती फार मोठी धरली तर व्यत्ययही गोलात येऊन बसतो, लहान धरली तर जुने दुखणे परत. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे वाटते. तरीही त्रिज्येला भौतिक अर्थ आहे आणि ती मोजता येते, एवढ्यावर मी दुसऱ्या मार्गाला झुकते माप देईन.

तिसरा मार्ग मुळावर घाव घालतो. हवा तो संकेत तक्त्यात असतो म्हणून अ‍ॅरे त्याला गिळतो. तर तो तक्त्यातून काढूनच टाका. युजी गू आणि अमीर लेशेम यांनी २०१२ मध्ये सुचवले, की हव्या दिशेचा पट्टा वगळून उरलेल्या सगळ्या दिशांचे ऊर्जाचित्र घ्यावे आणि त्यावरून केवळ व्यत्यय व गोंगाटाचा तक्ता नव्याने बांधावा. पुढच्या दशकात या कल्पनेची अनेक रूपे आली आणि सिम्युलेशनच्या आलेखांत ती आदर्श रेषेला चिकटून धावताना दिसतात. पण हा तक्ता बांधायला अ‍ॅरेची भूमिती बिनचूक माहीत हवी. चुका पचवायला निघालेली पद्धत इथे नव्या जागी अचूकतेची मागणी करते. आक्षेप हा आहे, आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

न्यूरल नेटवर्कांचा चौथा मार्ग अगदी अलीकडचा. हजारो कृत्रिम प्रसंगांवर नेटवर्क शिकवायचे आणि प्रत्यक्ष वेळी त्याच्याकडून क्षणात वजने घ्यायची. वेग मोठा, म्हणून श्रवणयंत्रे आणि फोन यांत त्याचे स्वागत झाले. शिकताना न पाहिलेल्या व्यत्ययापुढे ते कसे वागेल, याची हमी मात्र आज कोणी देऊ शकत नाही.

खोडदने निवडलेली वाट

इतकी साधने हाताशी असताना रेडिओ दुर्बिणी रोजच्या कामात अ‍ॅडॅप्टिव्ह वजने फारशी वापरत नाहीत. जीएमआरटीही नाही. हे मागासलेपण समजणे चूक ठरेल.

पहिले कारण संकेताच्या दुबळेपणाचे. पल्सारचा संकेत एकेका तबकडीत गोंगाटाच्या कितीतरी खाली गाडलेला असतो, त्यामुळे कॉक्सने दाखवलेले दुखणे इथे फारसे सतावत नाही. त्या अर्थी कॅपनसाठी ही जागा सोयीची. पण दुसरे कारण जड आहे. पल्सारच्या ठोक्यांची वेळ अत्यंत सूक्ष्मपणे मोजायची असते. जीएमआरटीचा डेटा वापरणारा भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरे हा गट युरोपीय गटासोबत जून २०२३ मध्ये नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर करणाऱ्यांपैकी एक होता, आणि त्या कामात वर्षानुवर्षे दुर्बिणीची वागणूक एकसारखी असावी लागते. वजने दर क्षणी बदलू लागली तर बीमचा आकारही हलतो आणि स्रोत स्थिर असून त्याची तीव्रता व ध्रुवीकरण बदलल्यासारखे दिसते. रडारला लक्ष्य आहे की नाही एवढेच सांगायचे असते. दुर्बिणीला मोजमाप द्यायचे असते.

त्यामुळे खोडदला उपद्रवाशी झुंज वजनांच्या बाहेर चालते. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी, रेडिओ लहरींचे झटके सोडतात. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आमच्या तलमडुगुकडे कापसाच्या शिवारातून जाणाऱ्या तारांखाली मीडियम वेव्हचा रेडिओ नेला की ऐकू येणारी खरखर ती हीच. कौशल बुच आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीसाठी असे झटके बेरजेआधीच, प्रत्येक तबकडीच्या संकेतात, मध्यकावर आधारलेल्या निकषाने ओळखून काढण्याची यंत्रणा उभी केली. सरासरीऐवजी मध्यक घेण्याचे कारण असे, की एखादा प्रचंड झटका सरासरीला ओढून नेतो. मध्यक जागचा हलत नाही. म्हणजे रोबस्टपणा इथेही आहे, फक्त तो एक पायरी आधी बसवला आहे.

२०१८ मध्ये जयंता रॉय, जयराम चेंगलूर आणि उए-ली पेन यांनी आणखी एक नेटकी युक्ती प्रसिद्ध केली. फेज्ड अ‍ॅरेच्या ऊर्जेतून इनकोहेरंट अ‍ॅरेची ऊर्जा वजा करायची. उरतात त्या फक्त तबकड्यांच्या जोड्यांमधल्या सामाईक गोष्टी. प्रत्येक तबकडीत स्वतंत्रपणे शिरलेला उपद्रव आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सावकाश हेलकावे यांचा बराच भाग वजाबाकीत निघून जातो. यात व्यत्ययाची दिशा शोधावी लागत नाही, मॅट्रिक्स उलटावी लागत नाही आणि हव्या दिशेची वाढ अबाधित राहते. मला ही पद्धत विशेष भावते, कारण ती फार थोडे गृहीत धरते. पण व्यत्यय अनेक तबकड्यांत एकाच सुरात पोचला तर ती दुबळी पडते, आणि नेमके तेच काम अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धतीचे आहे.

डेटावर जास्त विसंबल्याने काय घडते, याचा सर्वांत बोलका दाखला जीएमआरटीवरच मिळाला. विश्वाच्या आरंभकाळातल्या हायड्रोजनचा मागमूस शोधणाऱ्या ग्रेगरी पॅसिगा आणि सहकाऱ्यांच्या गटाने २०११ मध्ये त्या संकेताची वरची मर्यादा ७० मिलिकेल्विनच्या वर्गाएवढी सांगितली. पुढच्या कामात त्यांनी डेटातूनच मुख्य घटक शोधून आकाशातली पार्श्वभूमी काढून टाकणारी पद्धत वापरली, आणि तिच्यासोबत एक कळीचा प्रश्न विचारला: ही गाळणी पार्श्वभूमीबरोबर हवा तो संकेतही किती खाते? खोटा संकेत मुद्दाम मिसळून त्यांनी तो घास मोजला. २०१३ मध्ये किंचित वेगळ्या मापपट्टीवर जाहीर झालेली सुधारित मर्यादा २४८ मिलिकेल्विनच्या वर्गाएवढी, म्हणजे कितीतरी सैल होती. ही गाळणी बीमफॉर्मरची नव्हती, पण आजार कॉक्सच्या आजाराचाच भाऊ. त्या गटाने तो उघडपणे मोजून छापला याचे मोल मोठे आहे. असा हिशेब देण्याची पद्धत त्यानंतर त्या क्षेत्रात रुजत गेली.

दुर्बिणींसाठी अ‍ॅडॅप्टिव्ह मार्गाचे समर्थकही आहेत. वर आलेले अमीर लेशेम यांनी अ‍ॅले-यान व्हान डेर वेन आणि अल्बर्ट-यान बोन्स्ट्रा यांच्यासोबत २००० मध्येच व्यत्ययाची दिशा तक्त्यातून पुसून टाकण्याच्या पद्धती मांडल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे, की उपद्रवग्रस्त तुकडा फेकून देणे ही चैन आहे. रेडिओ पट्टा भरत चालला, की फेकता फेकता काहीच उरणार नाही. बीम हलतो हे खरे, पण कसा हलला याची नोंद ठेवली तर नंतर दुरुस्ती करता येते.

टॉवरची गोष्ट वेगळी

५जीच्या टॉवरवर ६४ ट्रान्सीव्हरचे पॅनेल असणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि तिथे अ‍ॅडॅप्टिव्ह बीमफॉर्मिंग रोज, क्षणोक्षणी चालते. ते जमते कारण फोन ओळखीचा पायलट संकेत पाठवतो आणि टॉवर त्यावरून दिशेचे वर्णन गृहीत न धरता मोजतो. आमच्यासारख्या सीमाभागात त्यातही एक पेच आहे. स्पेक्ट्रम सर्कलनिहाय विकला जातो; तलमडुगु आंध्र प्रदेश सर्कलमध्ये, पलीकडचे किनवट महाराष्ट्र सर्कलमध्ये. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन बाजूंना दोन वेगळ्या कंपन्या असू शकतात, आणि पलीकडच्या फोनचा पायलट इकडच्या टॉवरच्या मोजमापात मिसळू शकतो. मोजलेले वर्णनच दूषित झाले की गृहीत वर्णनासारख्याच चुका परत येतात.

काय सुटलेले नाही

रोबस्ट पद्धतींची तुलना करणाऱ्या बहुतेक लेखांत दहाएक संवेदकांची सरळ रांग असते, अंतर अर्धी तरंगलांबी, व्यत्यय दोन-तीन आणि तेही अनंत अंतरावरून सपाट लहरींनी येणारे. खोडद या चित्राच्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. स्रोत इतका दूर आहे की लहर सपाट मानावी, यासाठी अंतर अ‍ॅरेच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी याहून जास्त लागते. पंचवीस किलोमीटरच्या अ‍ॅरेला एक मीटर तरंगलांबीवर हे अंतर साडेबारा लाख किलोमीटर येते; चंद्र त्याच्या एक-तृतीयांशाहूनही जवळ आहे. पृथ्वीवरचा प्रत्येक व्यत्यय आणि पृथ्वीभोवती फिरणारा प्रत्येक उपग्रह या अ‍ॅरेच्या दृष्टीने जवळचा. नुसता मध्यवर्ती एक किलोमीटर घेतला तरी ती मर्यादा दोन हजार किलोमीटर आहे. अशा वेळी व्यत्ययाचे वर्णन केवळ एका दिशेने होत नाही, अंतरही शोधावे लागते. गोल आणि त्रिज्यांची सगळी मांडणी या स्थितीत कशी वागते याचा अभ्यास सरळ रांगांच्या मानाने फारच तुटपुंजा आहे.

दुसरी अडचण पट्ट्याच्या रुंदीची. सुधारित जीएमआरटी एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. तो पट्टा २०४८ वाहिन्यांत कापला तर एकेक वाहिनी सुमारे दोनशे किलोहर्ट्झची होते, आणि पाच मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त विलंबाचे दोन संकेत तिच्यात एकमेकांना ओळखत नाहीत. विलंब जुळवलेले असतात हव्या दिशेसाठी. व्यत्ययासाठी ते चुकीचे असतात आणि लांबच्या भुजांवर ती चूक पाच मायक्रोसेकंदांच्या कितीतरी पुढे जाते. यामुळे व्यत्यय आपोआप पुसट होतो हा लाभ. पण पुसट झालेला व्यत्यय तक्त्यात एक ठळक दिशा म्हणून उमटत नाही, मग त्याला नेमके बंद कसे करणार?

तिसरी अडचण वेगाची. २०२३ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीने स्टारलिंक उपग्रहांमधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये अनवधानाने बाहेर पडणाऱ्या लहरी टिपल्या. जीएमआरटीचा १२५ ते २५० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यात अर्ध्याहून अधिक सापडतो. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून माथ्यावर जाणारा उपग्रह सेकंदाला सुमारे पाऊण अंश सरकतो. दीडशे मेगाहर्ट्झला मध्यवर्ती चौकाचा बीम अंशाच्या एक-दशांशाएवढा, म्हणजे एका सेकंदात सहा-सात बीमांची रुंदी पार. नमुने पुरेसे जलद मिळतात. साठ नमुन्यांना एक मिलिसेकंदही लागत नाही. पण तेवढ्या वेगाने दोन हजार वाहिन्यांच्या तक्त्यांचे गणित करणे, आणि प्रत्येक वेळी बीम कसा हलला याची नोंद ठेवणे, हे ओझे कोण उचलणार? २०२४ मध्ये पुण्यात परम रुद्र हा महासंगणक जीएमआरटीच्या कामासाठी रुजू झाला. तो मुख्यतः फास्ट रेडिओ बर्स्टच्या, म्हणजे क्षणिक रेडिओ झटक्यांच्या, शोधासाठी एकाच वेळी पुष्कळ बीम तयार करण्याच्या कामात गुंतणार आहे. त्या बीमांना अ‍ॅडॅप्टिव्ह वजने देणे परवडेल का, हे आज सांगता येत नाही.

या तांत्रिक प्रश्नांना लोकांच्या जगण्याचीही एक बाजू आहे. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या मूळ आखणीला जीएमआरटीच्या बाजूने आक्षेप आला आणि रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना रेल्वे हवी आहे आणि त्यांची मागणी न्याय्य आहे. उपद्रव संगणकाने गाळता येत नाही का, हा त्यांचा प्रश्नही रास्त. वरचे आकडे पाहिले तर उत्तर असे निघते, की विजेवर धावणारी गाडी म्हणजे जवळचा, हलता, ठिणग्यांमुळे रुंद पट्टा व्यापणारा स्रोत. रोबस्ट बीमफॉर्मिंगला जे तीन प्रकार सर्वांत अवघड जातात ते तिच्यात एकत्र आले आहेत. अंतराची जागा आज कोणतेही गणित घेऊ शकत नाही. उद्या किती घेऊ शकेल, याची चाचणी मात्र करता येण्याजोगी आहे. एका तबकडीजवळ ओळखीचा, मोजलेल्या ताकदीचा हलता प्रेषक चालवावा, सर्व तबकड्यांचे कच्चे संकेत नोंदवावेत, त्यांत ज्ञात ताकदीचा खोटा पल्सार मिसळावा, आणि लोडिंगपासून न्यूरल नेटवर्कपर्यंत प्रत्येक पद्धतीला विचारावे, की तू व्यत्यय किती दाबलास आणि पल्सार किती खाल्लास. आलेखातल्या दहा संवेदकांच्या सरळ रांगेवर जिंकलेल्या पद्धतींची या मैदानातली क्रमवारी वेगळी लागेल, असा माझा अंदाज आहे.